आठवीच्या हाती दिलेली पूजा

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषय दिला, 'शाळेतला वसंत'. वसंत म्हटला की आंब्याचा मोहोर, कोकिळा वगैरे आठवायला हवं. पण ज्युनियर हायस्कूलमध्ये गणित शिकवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला वसंत म्हटलं की आठवते ती खिचडीची पातेली, पिवळ्या साड्या आणि हिशेबाची वही. म्हणजेच सरस्वती पूजा. तिच्याबद्दल मी आज भक्तीच्या अंगाने नाही, कामाच्या अंगाने बोलणार आहे. कारण ही पूजा शाळेत मोठी माणसं करत नाहीत. ती मुलं करतात.

कोणती मुलं, ते आधी सांगते. आपल्याकडच्या ज्युनियर हायस्कूलमध्ये पाचवी ते आठवीचे वर्ग असतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही सहावी ते आठवी हा स्वतंत्र 'मधला' टप्पा मानला आहे. अकरा ते चौदा वर्षांची ही मुलं. घरात यांची मोठी पंचाईत असते. सकाळी त्यांना ऐकवलं जातं, "तू अजून लहान आहेस, मध्ये बोलू नकोस," आणि संध्याकाळी तेच आई-वडील म्हणतात, "एवढा घोडा झालास, कळत नाही का?" लहान की मोठं, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसतं. अशा वयाच्या मुलांना इथली शाळा वर्षातून एकदा एक अख्खं कार्य सोपवते. हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगते. माघ शुद्ध पंचमी, म्हणजे आपली वसंत पंचमी. आपल्याकडे महाराष्ट्रात पाटीपूजन दसऱ्याला होतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, ती आपल्यापैकी अनेकांनी काढली आहे. इथे तो मान वसंत पंचमीला आहे. लहान मुलांची 'हातेखडी', म्हणजे पहिलं अक्षर गिरवणं, याच दिवशी होते. मुलं पुस्तकं देवीपुढे ठेवतात आणि त्या दिवशी अभ्यास करायचा नसतो. ही आज्ञा मात्र सगळे अगदी मनापासून पाळतात! पूजेआधी बोर खायचं नाही, खाल्लं तर देवी कोपते आणि परीक्षेत भोपळा मिळतो, असाही समज आहे. अंजली दिल्याशिवाय मुलं काही खात नाहीत. पूजेला पळसाचं फूल, आंब्याचा मोहोर, जवाच्या ओंब्या लागतात. शिवाय मातीची दौत, तिच्यात दूध, आणि बोरूची लेखणी. बोरू हा शब्द आपल्या मुलांना आता पुस्तकातच भेटतो. इथे तो दर वर्षी हातात येतो.

आता काम बघा. मूर्ती ठरवायची, कुमारटुलीतून किंवा जवळच्या फुटपाथवरून ती आणायची. शाळेच्या अंगणात तांदळाच्या पिठाची आल्पना काढायची. कागदाच्या साखळ्या करायच्या. आसपासच्या शाळांना आमंत्रणं द्यायला जायचं. पुरोहित आधीच सांगून ठेवायचा, कारण त्या दिवशी एका पुरोहिताला दहा ठिकाणी जायचं असतं. फळं कापायची. खिचडी, लाबडा म्हणजे मिश्र भाजी, वांग्याचे काप, चटणी, पायेश यांचं सामान मोजून आणायचं. पंगती बसवायच्या, वाढायचं, पत्रावळी उचलायच्या. दुसऱ्या दिवशी दही-पोह्यांचा नैवेद्य आणि विसर्जन. आणि शेवटी, जमलेल्या वर्गणीचा पैशापैशाचा हिशेब मुख्याध्यापकांपुढे ठेवायचा.

यात एक मेख आहे. राज्य मंडळाच्या शाळांचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. पंचमी येते जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत. २०२३ साली ती २६ जानेवारीला होती, सकाळी झेंडावंदन आणि लगेच अंजली. २०२४ साली १४ फेब्रुवारीला. म्हणजे ज्या मुलांवर सगळा भार, ती आठवीत येऊन महिनाही झालेला असतो-नसतो. आणि मागच्या वर्षीची अनुभवी आठवी शाळा सोडून दुसऱ्या हायस्कुलात गेलेली असते. विचारायला कुणी नाही! मग हे चालतं कसं?

चालतं ते दोन गोष्टींवर. पहिली गोष्ट म्हणजे पायऱ्या. सहावीने खुर्च्या-सतरंज्या उचलायच्या, सातवीने वाढायचं आणि आठवीच्या शेपटासारखं मागे फिरायचं, आठवीने ठरवायचं. सातवीतलं पोर वर्षभर आधीच सगळं डोळ्यांनी शिकलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे ती वही. आमच्या शाळेत लाल कापडी बांधणीची एक वही होती. फुलं कुणाकडून घेतली, काय भावाने, तांदूळ किती लागले, कुणाला बोलावलं, काय चुकलं, सगळं त्यात लिहायचं. पंचमी लवकर आली की पळस पुरता फुललेला नसतो आणि फुलवाला अडवून भाव मागतो, तेव्हा चार दिवस आधी सांगून ठेवा, ही सूचना मी त्याच वहीत वाचली. लिहिणारं पोर तेरा वर्षांचं.

एका वर्षी खिचडी कमी पडली. शेजारच्या शाळेला आमंत्रण दिलं होतं, पण तिथून येणारी मुलं पातेल्याच्या हिशेबात कुणी धरलीच नव्हती. शेवटच्या पंगतीत चाळीसेक मुलं बसलेली आणि पातेलं खरवडलेलं. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज सुरू झाली. आठवीच्या मुली मात्र कुणाला विचारायला आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीच्या दही-पोह्यांसाठी आणलेले पोहे आणि गूळ त्यांनी काढला, प्रसादाची फळं होती ती त्यात घातली, पाहुण्यांना आधी वाढलं आणि स्वतः सगळ्यांत शेवटी बसल्या. रात्री वहीत नोंद झाली : "आमंत्रण जितक्यांना, तितके ताट. आमंत्रणाची यादी स्वयंपाकाच्या यादीला जोडणे." त्रैराशिकाचा धडा मी अनेक वर्षं शिकवला, पण इतक्या पक्का तो कुणाच्या डोक्यात बसवल्याचं मला आठवत नाही.

दुसरं उदाहरण आपल्यातलंच आहे. आपल्या समाजातली कितीतरी कुटुंबं खानापूर, आटपाडी, विटा या बाजूंनी गलाईच्या धंद्यासाठी इथे आली. सोनं-चांदी गाळण्याच्या या कामात ती देशभर पांगली आहेत. अशाच एका घरातला मुलगा वर्षाच्या सुरुवातीलाच आमच्याकडे सातवीत आला. बांगला येत नव्हती, हिंदी मोडकी. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प. कुणी त्रास देत नव्हतं, पण कुणी विचारतही नव्हतं. मूर्ती आणायला निघालेल्या मुलांना सामान उचलायला एक दणकट गडी हवा होता, म्हणून त्यांनी याला नेलं. तिथे कळलं की घासाघीस करण्यात हा सगळ्यांचा काका! वडिलांच्या दुकानात बसून भाव कसा करायचा ते त्याला पाठ. बोलायला शब्द नव्हते, तर बोटांनी भाव केला. ठरवलेल्या रकमेत मूर्ती तर आलीच, वर देवीच्या हंसाला दुसऱ्यांदा रंगाचा हात मारून घेतला. पुढच्या वर्षी खरेदीचा प्रमुख तोच होता, आणि तोपर्यंत बांगलाही फर्डी बोलत होता. भाषा आधी येते आणि मग आपण समाजात मिसळतो असं आपण समजतो. त्या मुलाच्या बाबतीत काम आधी आलं, भाषा मागून आली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग शिक्षक करतात काय? सांगते. पेटती शेगडी, विजेची जोडणी, रस्त्यावरून मूर्ती आणणं आणि विसर्जनाचं पाणी, या चार ठिकाणी मोठं माणूस हवंच. तिथे तडजोड नाही. पैशाची वरची मर्यादाही आम्ही आधीच ठरवून देत होतो. बाकी ठिकाणी शिक्षकाचं काम एकच, हजर राहायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हे दिसतं तितकं सोपं नाही. आल्पना वाकडी चाललेली दिसते आणि हात शिवशिवतात. पण आपण एकदा खडू हातात घेतला की मुलं बाजूला उभी राहतात, आणि मग ती पूजा आपली होते, त्यांची राहत नाही.

या पूजेवरून वादही झाले आहेत, तेही सांगायला हवं. १९२८ साली इथल्या सिटी कॉलेजच्या राममोहन राय वसतिगृहात विद्यार्थ्यांनी सरस्वती पूजा करायची की नाही यावरून मोठं रण पेटलं. कॉलेज ब्राह्मो समाजाच्या लोकांचं, त्यांना मूर्तिपूजा मान्य नव्हती. सुभाषचंद्र बोस विद्यार्थ्यांच्या बाजूने उभे राहिले, रवींद्रनाथ कॉलेजच्या बाजूने. एवढी मोठी माणसं परस्परविरुद्ध उभी राहिली, तेव्हा प्रश्न साधा नव्हता. आमच्या शाळेतही सगळ्या घरांतली मुलं होती. ज्याला अंजली द्यायची नाही त्याने देऊ नये, पण पंगतीला सगळे आणि कामाला सगळे, असा आमचा रिवाज होता. आमंत्रणपत्रिकांवरचं सुंदर अक्षर कित्येक वर्षं एका मुसलमान मुलीचं होतं. ते काम तिने मागून घेतलं होतं.

हे सगळं मी इथे का सांगते आहे? कारण आपल्याही घरात एक उत्सव आहे. १८९३ पासून लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, तेव्हा मेळ्यांमधून गाणारी कितीतरी पोरं शाळकरी वयाची होती. आणि बंगालशी आपलं नातं नोकरी-धंद्यापुरतंच नाही. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घरातले, देवघरच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी १९०४ साली 'देशेर कथा' हे पुस्तक बांगला भाषेत लिहिलं आणि बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवायला हातभार लावला. उत्सव एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नेता येतो, हे त्यांनी दाखवलं. मग इथल्या शाळेची एक रीत आपण आपल्या उत्सवात का आणू नये?

आपल्या मंडळात काय दिसतं, बघा. पाच-सहा वर्षांची मुलं श्लोक म्हणतात, वेशभूषा करतात, आपण टाळ्या वाजवतो. दहाव्या वर्षानंतर ती मुलं दिसेनाशी होतात. "सहामाही आहे," "क्लास आहे," "त्याला कंटाळा येतो." कंटाळा येतो, हे अगदी खरं आहे. तेरा वर्षांच्या मुलाला आपण दोनच जागा देतो, रंगमंचावर पाच मिनिटं किंवा प्रेक्षकांत तीन तास. काम देत नाही. मग हीच मुलं एकदम भेटतात ती लग्नाच्या पत्रिका द्यायला आल्यावर. आणि आपण इथे बसून चर्चा करतो की मंडळाला तरुण कार्यकर्ते मिळत नाहीत! पंचविशीत कार्यकर्ता आकाशातून पडत नाही. तो बाराव्या वर्षी सतरंजी उचलून तयार होतो.

म्हणून माझी समितीला एक साधी सूचना आहे. उत्सवातला एक दिवस पूर्ण सहावी ते आठवीच्या मुलांना द्या. शक्यतो रविवार, म्हणजे सहामाहीची सबब आड येणार नाही. त्या दिवसाची आरास, नैवेद्य, आरतीचं ताट, पाहुण्यांचं स्वागत, पंगत आणि हिशेब त्यांचा. रक्कम आधी ठरवून हातात द्या, ती थोडी असली तरी चालेल. एक वही द्या. दोन वडीलधारी माणसं नेमा, मात्र ज्यांना गप्प बसता येतं अशीच! आणि त्या दिवशी मोदक फुटले, आरतीची चाल चुकली, प्रसाद उशिरा आला, तरी हसू नका. दुसऱ्या वर्षी वही उघडली जाईल.

याचा आणखी एक लाभ होईल. आपली मुलं आपापसांत बांगला-हिंदी बोलतात, त्यात मला काही गैर वाटत नाही. पण समई, निरांजन, पाट, चौरंग, उकड, मखर हे शब्द "मराठी बोला" म्हणून सांगून येणार नाहीत. समई घासायला घेतली की समई हा शब्द येतो. आजीला फोन करून "उकडीला पाणी किती?" हे विचारावंच लागलं, की नातवाचं आणि आजीचं मराठीत बोलणं होतं. या शहरात आपण थोडे आहोत. घरातली भाषा आणि हा उत्सव पुढे नेणारी मुलं आता सहावी-सातवीत बसली आहेत. ती अजून आपल्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणखी पाच वर्षांनी शिक्षणासाठी कुठे जातील कुणास ठाऊक.

सरस्वती आणि गणपती दोघंही विद्येची दैवतं. आपण कोणत्याही शुभकार्याच्या आरंभी दोघांनाही वंदन करतो. एकीच्या पूजेत इथल्या शाळांनी जो विश्वास मुलांवर टाकला, तो दुसऱ्याच्या उत्सवात आपण टाकून बघूया. लाल कापडाची पहिली वही मी माझ्यातर्फे कार्यवाहांकडे आजच देते आहे. तिची सगळी पानं कोरी आहेत, पहिलं पान आठवीतल्या मुलांनी लिहावं.



गणपती बाप्पा मोरया!