मिक्सरच्या खोलीतली पांढरी भुकटी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू प्लॅस्टिकमध्ये आहेस ना, मग प्लॅस्टिकवर पंधरा-वीस मिनिटं बोल. फक्त जेवणाच्या आधीचा कार्यक्रम आहे, लोकांना झोप येता कामा नये." आयुष्यभर पाइप काढणाऱ्या माणसाला ही अट जड आहे. तरी प्रयत्न करतो.

मी पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात १९९५ साली लागलो. आपल्या कृष्णाकाठी जन्मलेल्या माणसाला पाइप काय, हे सांगावं लागत नाही. नदीवरून पाणी उचलून वरच्या रानात न्यायचं तर पाइप. आपल्यापैकी निम्म्यांच्या बापाने त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलेलं आहे. पण तो पाइप ज्या पीव्हीसीचा बनतो, तो पदार्थ मुळात आचेला अगदी नाजूक आहे, हे मलाही कारखान्यात गेल्यावरच कळलं.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून रसायनशास्त्र थोडंच सांगतो. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो. पाइप काढायचा तर ही पावडर १७० ते २०० अंशांपर्यंत तापवून मऊ करावी लागते. पंचाईत अशी, की ती त्याच्या कितीतरी आधीपासून मोडायला लागते. साखळीत कुठेतरी एक कच्ची जागा असते, तिथून हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक रेणू सुटतो. तो सुटला की शेजारची जागा कच्ची होते, मग तिथला सुटतो. विणलेल्या स्वेटरचा एक टाका निसटावा आणि ओळच्या ओळ उसवत जावी, तसं. वर सुटलेलं आम्ल स्वतःच ही उसवण आणखी जोरात करतं. माल आधी पिवळा, मग नारिंगी, तांबूस, तपकिरी आणि शेवटी काळा.

तुम्ही गुऱ्हाळावर कढईतला रस बघितलाय. गुळव्या रंगावरून सांगतो, आता उतरवा. जरा चुकला की गूळ काळा. आमच्या कामातही पहिली काही वर्षं मी तसाच रंग बघत उभा असायचो. फरक एवढाच, की काळा गूळ कुणीतरी घेतो.

ही उसवण थांबवायला पावडरमध्ये जे मिसळतात त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. त्याची दोन कामं. सुटणारं आम्ल लगेच शोषून घ्यायचं आणि कच्च्या जागा जमतील तेवढ्या बांधायच्या. आम्ही तपासतो कसं? परीक्षानळीत नमुना घालून ती २०० अंशांच्या तेलात धरायची, वर काँगो रेड कागदाची पट्टी. आम्ल सुटू लागलं की तांबडी पट्टी निळी होते. किती मिनिटं टिकली, तेवढी मालाची ताकद. लिटमसच्या बरोबर उलटं. पहिल्या दिवशी मी वहीत निकाल उलटाच लिहिला होता, कारण डोक्यात तुमचा निळ्याचा तांबडा पक्का बसला होता.

आता मुद्द्यावर येतो. अनेक दशकं पाइपसाठी वापरला जाणारा स्टॅबिलायझर होता शिशाचा. ट्रायबेसिक लेड सल्फेट. आम्ही नुसतं टीबीएलएस म्हणायचो. पांढरी, मऊ, पिठासारखी भुकटी, पण पिठाच्या डब्यात भरली तर डबा उचलताना दचकाल इतकी जड. शंभर ग्रॅम भुकटीत ऐंशी ग्रॅमच्या वर शिसंच असतं.

पाइपवाल्यांना शिसं का आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर सगळे मूर्ख होते असं वाटेल. एक तर ते स्वस्त. दुसरं म्हणजे ते चुका पोटात घालायचं. तापमान दहा अंश चढलं, वीज जाऊन माल मशीनमध्ये अडकला, मिक्सरवाल्याने वजनात थोडं कमीजास्त केलं, तरी पाइप बरा निघायचा. आम्ल शोषल्यावर जे लेड क्लोराइड तयार होतं, ते पीव्हीसीला पुढे त्रास देत नाही. कारखान्यात असला समजूतदार माल कुणाला नको?

आणि पाइपच्या बाजूने बघितलं तरी फारशी तक्रार नव्हती. शिसं पाइपच्या अंगात घट्ट बांधलेलं असतं, जे थोडं सुटतं ते आतल्या पृष्ठभागावरचं, आणि तेही मुख्यतः पहिल्या पहिल्या पाण्यात. पाण्यात शिसं किती उतरतं याची चाचणी भारतीय मानकात होती. आमचे पाइप ती पास व्हायचे. मी स्वतः त्या अहवालांवर सह्या केल्या आहेत आणि त्यात खोटं काही नव्हतं.

आता ज्याच्यामुळे मी हा विषय घेतला, त्याच्याबद्दल. आपल्याच वर्गातला एक जण दहावीनंतर शिकला नाही आणि माझ्या पाच वर्षं आधी त्याच कारखान्यात मिक्सरवर लागला होता. नाव घेत नाही, तशी त्याची अट आहे. मी इंजिनियर म्हणून गेलो तेव्हा सगळे मला साहेब म्हणायला लागले. याने मात्र पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर हाक मारली, "काय रं, भूमितीत माझी वही बघून लिहिणारा तूच ना?" ते खरंच होतं.

मिक्सरची खोली वेगळी असते. शंभर किलो रेझिन, त्यात कॅल्शियम कार्बोनेट, मेण, स्टिअरेट, आणि दोनेक किलो शिशाची भुकटी. सगळं तराजूवर मोजून, पिशवी फाडून, हाताने ओतायचं. झाकण लागलं की पाती जोरात फिरतात, घर्षणानेच माल ११५-१२० अंशांवर जातो, मग खालच्या थंड मिक्सरमध्ये सोडायचा. एका पाळीत असे पंचवीस-तीस बॅच. म्हणजे आठ तासांत पन्नास-साठ किलो शिशाची भुकटी एका माणसाच्या हाताखालून जायची. तोंडाला रुमाल. धूळ खिडकीच्या उन्हात तरंगताना दिसायची. बॅच फिरत असताना दोन मिनिटं मोकळी मिळाली की त्याच हाताच्या तळव्यावर तंबाखू मळायची आणि ओठाखाली ठेवायची. हे मी रोज बघत होतो. बघत होतो म्हणजे खिडकीतून बघून पुढे जात होतो.

२००१ साली मालकांनी विचारलं, परदेशात कॅल्शियम-झिंकचा स्टॅबिलायझर चालू झालाय म्हणतात, आपल्याला जमेल का? मी एक चाचणी घेतली. सकाळी सुरू केली. चार तास पाइप इतका पांढरा शुभ्र, की आम्ही खूश. दुपारी जेवून येतो तो पाइपवर एक काळी रेघ. दहा मिनिटांत तीन रेघा, आणि मग डायच्या तोंडातून चॉकलेटी लगदा. डोळ्यांतून पाणी, घशात आग. मशीन बंद करून डाय उघडला. पितळी पट्टीने खरवडत आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. मी अमोनियाची बाटली जवळ धरली तर पांढरा धूर. सर, आठवीत तुम्ही काचेच्या दोन कांड्या जवळ आणून हाच धूर दाखवला होता.

मी अहवाल लिहिला. त्यातलं वाक्य मला पाठ आहे: "सद्यस्थितीत तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नाही." खाली माझी सही. मालकांचं समाधान झालं, माझंही झालं. एका चाचणीवर लिहिलेला तो अहवाल तीन वर्षं फायलीत आरामात पडून राहिला.

२००४ च्या पावसाळ्यात आपल्या मित्राच्या पोटात कळा यायला लागल्या. गावातल्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग जंताच्या. चेहरा पांढुरका, जिना चढताना दम, हातांत जोर नाही. शेवटी साताऱ्याला एका डॉक्टरांनी त्याला कुणीही न विचारलेला प्रश्न विचारला, "काम काय करता?" रक्तातलं शिसं तपासलं. आकडा बघून त्यांनी लिहून दिलं की या माणसाला त्या खोलीत पुन्हा पाठवू नका. शिसं रक्त तयार होण्याच्या कामात अडथळा आणतं. रक्तातलं प्रमाण काही महिन्यांत उतरतं, पण हाडात साठलेलं वर्षानुवर्षं राहतं.

मी त्याला भेटायला घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. तो म्हणाला, "तू शिकलेला. तुला माहीत होतं का हे?" मला काय माहीत होतं? शिसं विषारी असतं हे माहीत होतं. पाण्यात किती उतरतं हे मिलिग्रॅममध्ये माहीत होतं. मी हो म्हणालो. तो काही बोलला नाही. मीही चहा अर्धा टाकून उठलो.

त्यानंतर पुन्हा चाचण्या सुरू केल्या, आणि या वेळी आठ महिने सोडल्या नाहीत. पहिली का फसली ते तेव्हा उमगलं. झिंक सुरुवातीचा रंग फार छान ठेवतं, पण आम्ल शोषून त्याचं झिंक क्लोराइड झालं, की तेच उलटतं आणि उसवण झपाट्याने वाढवतं. म्हणून माल बराच वेळ पांढरा राहून एकदम काळा पडतो. शिशासारखी आधी पिवळेपणाची सूचना मिळत नाही. कॅल्शियम त्या झिंकला पुन्हा जागेवर आणायचं काम करतं, म्हणून दोघांचं प्रमाण जमावं लागतं. सोबत हायड्रोटाल्साइटसारखा आम्ल धरून ठेवणारा आणखी एक मदतनीस लागतो.

शिवाय शिशाचे साबण मशीनमध्ये वंगणाचंही काम गुपचूप करत होते, हे कुणाच्या लक्षातच नव्हतं. ते काढल्यावर माल स्क्रूमध्ये जास्त घासला जाऊ लागला आणि घासल्याने आणखी तापला. आणि मी काय केलं होतं? शिशाच्या वेळची तापमानं जशीच्या तशी ठेवून चाचणी घेतली होती. म्हणजे दोष मालाचा कमी, माझा जास्त. मग मेणांचं प्रमाण बदललं, बॅरलचं तापमान उतरवलं, डायमध्ये जिथे माल साचून राहायचा ते कोपरे घासून गुळगुळीत केले. वजनात हयगय बंद. शिसं खपवून घ्यायचं, हे घेत नाही.

मध्ये एक वेगळाच घोळ झाला. एका फिटिंगच्या कामाला आम्ही टिनचा स्टॅबिलायझर वापरून बघत होतो आणि कुणीतरी काटकसर म्हणून जुन्या पाइपचा चुरा त्यात टाकला. माल करडा-काळा. त्या टिनमध्ये गंधक होतं, चुऱ्यात शिसं. दोघं भेटले की काळं लेड सल्फाइड. म्हणजे शिसं सोडायचं ठरवलं तरी भंगाराच्या रूपाने ते मागून येतच होतं. अजूनही जुन्या लायनी उकरून निघतात त्यांत ते आहेच.

बदल एका दिवसात झाला नाही. आधी पिण्याच्या पाण्याचे पाइप, मग शेतीचे. गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं, मिक्सरवाल्याची तब्येत विचारत नाही, त्यामुळे काही वर्षं आम्ही भावात मार खाल्ला. युरोपातल्या उद्योगाने २०१५ अखेर शिसं बंद केलं. आपल्याकडे केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पीव्हीसी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशाच्या स्टॅबिलायझरविषयीचे नियम काढले २०२१ मध्ये. ते वाचताना मी माझा २००१ चा अहवाल काढून शेजारी ठेवला होता.

आपला मित्र नंतर कटिंगवर गेला, मग तपासणी विभागात. काँगो रेडची पट्टी धरायला त्याच्याइतका स्थिर हात कारखान्यात दुसरा नाही, हे मी मैत्रीखातर म्हणत नाही. गुडघे-सांधे अजून दुखतात. ते शिशाने की वयाने, ते आता कोण सांगणार? त्याचा मुलगा त्याच मिक्सरच्या खोलीत काम करतो. भुकटी आता बंद नळीतून जाते, वजन यंत्र करतं. तरी बापाने त्याला तंबाखूची सक्त बंदी केली आहे. स्वतःची सुटली नाही, ते वेगळं.

आज तो तिसऱ्या रांगेत बसला आहे. काल रात्री मी त्याला हे सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "सांग. माझं नाव नको. आणि एवढं सगळं शिकल्यासारखं बोलशील, त्यापेक्षा लोकांच्या उपयोगाचं पण काहीतरी सांग. पायपा उन्हात टाकू नका म्हणावं, उन्हानं खडूसारख्या होत्यात. आणि जोड बसवायला पाचट पेटवून तोंड भाजत्यात, ते बंद करा म्हणावं. काळं पडलेलं तोंडच पहिलं फुटतं, आणि त्या धुरानं डोळं जात्यात."

सांगितलं, बाबा. बसतो.