नामचेतला दुसरा दिवस

एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेली आपली मंडळी नामचे बाजारला पोचली की एक प्रश्न हमखास येतो, ‘उद्याचा दिवस इथं कशाला घालवायचा? पाय तर ठणठणीत आहेत!’ पाय ठणठणीत असणारच, सह्याद्रीनं घडवलेत ते. पण आपलं सगळ्यांत उंच कळसूबाई १६४६ मीटरवर संपतं आणि नामचे वसलंय ३४४० मीटरवर. पायांच्या जोरावर माणूस तिथं भराभर पोचतो, शरीर मागे राहतं.

वर गेल्यानं हवेतला प्राणवायूचा वाटा घटत नाही. घटतो तो हवेचा दाब. बेस कॅम्पवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा उरतो. त्यावर शरीराचा पहिला उपाय म्हणजे श्वास वाढवणं. श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्ताचा आम्ल-अल्कली तोल ढळतो आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. तो लगाम सैल करतात मूत्रपिंडं, बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून. या कामाला काही दिवस जावे लागतात. तेव्हा नामचेत रात्री दोन-तीनदा उठावं लागलं तर वैतागू नका, काम नीट चाललंय. तांबड्या पेशींची वाढ व्हायला तर कित्येक आठवडे लागतात, ट्रेकच्या दिवसांत त्यांचा फारसा आधार नाही.

म्हणून थांबायचं. थांबायचं म्हणजे रजई ओढून पडायचं नाही. नाश्ता करून स्यांगबोचेच्या धावपट्टीपर्यंत चढा, शेजाऱ्याशी सहज बोलता येईल इतक्या सावकाश. दम राहिला तर पुढे खुमजुंगला जा. एडमंड हिलरींच्या प्रयत्नांतून १९६१ साली उभी राहिलेली शाळा तिथं आहे. झोपायला मात्र नामचेतच परत या.

संध्याकाळी लॉजच्या जेवणघरात पाहा, जो तो बोटाला ऑक्सिमीटर लावून परीक्षेतले गुण सांगावेत तसे आकडे सांगत असतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे, आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डोकं दुखतंय का, डाळभाताचं ताट तसंच राहिलंय का, एरवी बडबडणारा गप्प बसलाय का?

पीटर हॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेवर फेरिचे इथं २७८ ट्रेकर्स तपासले आणि निष्कर्ष १९७६ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. निम्म्याहून अधिक जणांना विरळ हवेचा त्रास झाला होता. तरुण, विमानानं थेट लुक्लाला उतरलेले, वेगानं चढलेले आणि वाटेत कमी रात्री मुक्काम केलेले यांच्यात त्याचं प्रमाण जास्त होतं. उंचीचा आधीचा अनुभव असूनही फरक पडलेला दिसला नाही. आपल्या तरुण गिर्यारोहकांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळ आहे.

कचेरीतली रजा अपुरी पडते आणि पहिली कात्री लागते ती या मुक्कामांना. तसं होऊ देऊ नका. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जादा करावा, असं डॉक्टर सांगतात. नामचेनंतर ४४१० मीटरवरच्या डिंगबोचेलाही दोन रात्री राहा. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा असेल तर बरं वाटेपर्यंत वर जायचं नाही. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री, सोबत घेऊन, खाली उतरायचं.