मेमरी कार्ड: वर छापलेलं आणि आत असलेलं



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. तरी फसलो.

उरणच्या आमच्या घरात बसून मी नानीच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाणं, जुनी लग्नं, जुनी गाणी. काही महिन्यांनी फायली उघडेनात. नाव दिसायचं, आवाज नाही. तोवर नानी गेली होती.

कार्डावर ६४ जीबी छापलं होतं. आत होते जेमतेम ८.

मेमरी कार्डात डेटा साठवणारी फ्लॅश चिप असते आणि तिचा कारभार पाहणारा कंट्रोलर. जागा किती, हे फोन कंट्रोलरलाच विचारतो. नकली कार्डात तोच खोटं सांगतो. खरी जागा संपली की पुढचं हरवतं, किंवा आधीच्यावरच लिहिलं जातं.

म्हणून कार्ड ओळखायला शिका. जुन्या लॅपटॉपमध्ये पीसीएमसीआयए, नंतर एक्स्प्रेसकार्ड लागायचं. त्याने मोडेम किंवा नेटवर्कची सोय जोडता येई. ती मुख्यतः विस्ताराची कार्डं. १९९४ चं कॉम्पॅक्टफ्लॅश आणि १९९९ मध्ये जाहीर झालेलं एसडी ही साठवणुकीची. मोबाइलमधलं मायक्रोएसडी हे एसडीचंच १५ बाय ११ मिलिमीटरचं धाकटं भावंड.

एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ३२ जीबीपर्यंत, एसडीएक्ससी २ टीबीपर्यंत. आकार तोच, म्हणून जुन्या कॅमेऱ्यात एसडीएक्ससी बसेल. चालेलच असं नाही. 'सी'सारख्या वर्तुळातला १० म्हणजे सेकंदाला किमान १० एमबी लिहिण्याचा वेग. ती टिकाऊपणाची हमी नव्हे.

नवं कार्ड घेतलं की रिकामं असतानाच तपासा. एफ३ हे मोफत सॉफ्टवेअर कार्ड पूर्ण भरतं आणि लिहिलेलं परत वाचून पाहतं. वेळ लागतो, पण खोटं उघडं पडतं.

बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी गेलेल्या उरणला कागदाची किंमत सांगायला नको. सातबारा, निकाहनामा, मार्कशीट यांचे फोटो एकाच कार्डावर ठेवू नका. खरं कार्डही एक दिवस बिघडतं. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, तिसरी घराबाहेर, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवा.

नानीचा ११ मिनिटांचा आवाज माझ्याकडे उरला आहे. तो आता तीन ठिकाणी आहे. तुमच्या घरी कोणाचा आवाज एकाच कार्डावर असेल, तर आज रात्रीच त्याची दुसरी प्रत करा.