परसातील धारक भिंत : दगडाआधी पाण्याचा विचार
(ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील पुष्कळशी घरे डोंगरउताराच्या कुशीत वसलेली आहेत. घरासाठी सपाट जागा हवी म्हणून मागचा उतार खोदला जातो आणि उभ्या कापलेल्या मातीला आधार म्हणून परसात भिंत बांधली जाते. ही भिंत कुंपणाच्या भिंतीसारखी नुसती उभी नसते. तिला अहोरात्र मातीचा रेटा सोसावा लागतो. ती ढासळली, तर घराच्या मागच्या खोलीत निजलेल्या माणसांवरच ढासळते. १ व २ जुलै २०१९ यांमधील रात्री मुंबईत मालाड येथे डोंगरउतारावरील भिंत मुसळधार पावसात कोसळून वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. यास्तव भिंत कशाची बांधावी, हा केवळ खर्चाचा प्रश्न मानता येत नाही.

धारक भिंतीचा खरा शत्रू माती नसून मातीत साठलेले पाणी होय. एक मीटर उंचीच्या भिंतीवर, दर मीटर लांबीस, कोरड्या मुरमाड मातीचा रेटा सुमारे ३०० किलो असतो. त्याच भिंतीमागे वरपर्यंत पाणी तुंबले, तर एकट्या पाण्याचा रेटा सुमारे ५०० किलो होतो आणि भिजलेल्या मातीचा भार त्यात मिळून एकूण रेटा कोरड्याच्या दुपटीवर जातो. शिवाय उंची दुप्पट केली की रेटा दुप्पट न होता चौपट होतो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच कोसळतो. म्हणून साहित्य कोणतेही असो, पहिला प्रश्न एकच : भिंतीमागचे पाणी बाहेर कसे पडणार?

चिरा हा या भूमीचा जन्मजात दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो व उघड्या हवेत कठीण होत जातो. १६१२ साली पूर्ण झालेला आग्वादचा किल्ला चिऱ्याचाच आहे. तथापि सर्व चिरा सारखा नसतो. ज्यात पांढऱ्या मातीचे गोळे दिसतात, जो ठोकला असता बद्द वाजतो व भिजला की कडांनी झडतो, तो चिरा धारक भिंतीस घेऊ नये. चांगला चिराही काही आठवडे उघड्यावर वाळवून मगच लावावा. एका चिऱ्याच्या जाडीची भिंत ही कुंपणाची भिंत होय. तिच्यामागे माती भरणे धोक्याचे आहे. धारक भिंतीच्या तळाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नसावी. शक्य तर ती दोनतृतीयांशापर्यंत न्यावी.

चुना वा सिमेंट न लावता रचलेली दगडी भिंत कमी उंचीसाठी उत्तम. तिच्या फटींतून पाणी आपोआप निथळते. मात्र दगड मोठे व चपटे असावेत, मधूनमधून भिंतीच्या जाडीत खोलवर शिरणारे लांब दगड बसवावेत आणि दर मीटर उंचीमागे भिंत १० ते १५ सेंटिमीटर उताराकडे कलती ठेवावी. हे काम जाणणारा गवंडी हवा. गोल गोटे रचून भिंत होत नाही.

सिमेंटमध्ये बांधलेली दगडी वा चिऱ्याची भिंत मजबूत दिसते, परंतु ती पाणी अडवून धरते. तिच्यात दर दीड ते दोन मीटरवर ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाच्या नळ्या बाहेरच्या बाजूस किंचित उतरत्या बसवाव्यात. भिंतीमागे निदान ३० सेंटिमीटर जाडीचा खडीचा थर भरावा, नाहीतर माती वाहून येऊन नळ्यांची तोंडे बुजतात. दर्शनी बाजू गिलावा करून नळ्या झाकणे म्हणजे भिंतीचा श्वास कोंडणे होय.

तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून केलेली भिंत पाणी सोडते आणि जमीन थोडी खचली तरी तडकत नाही. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत मात्र प्लॅस्टिकचे वेष्टन असलेलीच तार वापरावी. लोखंडी सळ्यांचे काँक्रीट उंच भिंतीस योग्य. परंतु त्याचे आराखडे अभियंत्याकडूनच घ्यावेत. सुमारे दीड मीटरहून उंच अशी कोणतीही भिंत निव्वळ अंदाजाने बांधू नये.

कमी खर्चात अधिक सुरक्षितता साधण्याचा एक मार्ग पायऱ्यांचा आहे. २.४ मीटरची एक भिंत उभारण्याऐवजी १.२ मीटरच्या दोन बांधल्या, तर दोहोंवरील रेट्याची बेरीज एका उंच भिंतीवरील रेट्याच्या निम्मी भरते. वरची भिंत मात्र खालच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, मागे असावी. एरवी तिचा भार खालच्या भिंतीवरच येतो. मधल्या पट्ट्यात वाळा लावल्यास त्याची खोल जाणारी मुळे माती धरून ठेवतात.

पाया भरावाच्या मातीवर घालू नये. चिऱ्याच्या थराखाली अनेक ठिकाणी पांढरट वा जांभळट चिकणमाती लागते. ती भिजली की निसरते. खोदकामात अशी माती दिसताच काम थांबवून जाणकारास दाखवावी. डोंगर कापण्यास नगर व ग्राम नियोजन कायदा, १९७४ मधील कलम १७-अ अन्वये पूर्वपरवानगी लागते, हेही ध्यानात असावे.

शिक्षकांना हा धडा वर्गात सहज दाखविता येईल. दोन डबे वाळूने भरून एकाच्या बुडाशी भोके पाडावीत व दोहोंत पाणी ओतावे. कोणत्या डब्यात पाणी साठून वाळूचा चिखल होतो, ते मुले स्वतःच सांगतील.

ज्यांच्या परसात भिंत आधीच उभी आहे, त्यांनी मे महिन्यातच तिची पाहणी करावी. नळ्या मोकळ्या कराव्यात आणि वरून येणारे पाणी भिंतीमागे न मुरता बाजूस जाईल असा चर खणावा. भिंतीस पोट आले असेल, नवी आडवी भेग पडली असेल किंवा भर पावसात नळ्यांतून येणारे पाणी अचानक बंद झाले असेल, तर त्या रात्री मागच्या खोलीत कोणासही निजू देऊ नये. भिंत पुन्हा बांधता येते.