लोखंड, चुंबक आणि श्वेतबटू



भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. शेजारच्या सुपेला वस्तीत तेव्हापासून लोखंडाच्या गोष्टी घरोघर चालत आल्या आहेत. तेथील एका यारीचालकाच्या मुलाने मला एकदा विचारले, “काका, थंड लोखंड चुंबक उचलतो, लालबुंद तापलेले उचलत नाही. मग ताऱ्याचा तापलेला वायू चुंबकाच्या तावडीत कसा सापडतो?”

प्रश्न मोठा मार्मिक होता. शौरी तारकासमूहात ‘ए. एम. हर्क्युलिस’ नावाचा एक जोडतारा आहे. त्यातील एक तारा श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार साधारण पृथ्वीएवढा. वस्तुमान मात्र सूर्याच्या तोडीचे! दुसरा तारा लहान, तांबूस. दोघे सुमारे तीन तासांत एकमेकांभोवती फिरतात. इतक्या जवळिकीमुळे तांबड्या ताऱ्याचा बाहेरचा वायू श्वेतबटूकडे ओघळतो.

एरवी असा वायू घिरट्या घालीत तबकडी बनवितो. येथे तसे घडत नाही. पृथ्वीचे चुंबकी क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास. या श्वेतबटूचे एक कोटी गॉसहून अधिक! लोखंड चिकटते ते त्यातील अणूंच्या शिस्तीमुळे. ७७० अंशांवर ती शिस्त मोडते. वायूची गोष्ट निराळी. उष्णतेने त्याचे अणू फुटून कण विद्युद्भारित होतात. असे कण चुंबकी रेषा सहसा ओलांडू शकत नाहीत. रेषेभोवती गिरक्या घेत ते तिच्यावरूनच घसरत जातात. म्हणजे, ओढते ते गुरुत्वाकर्षण; चुंबक केवळ वाट दाखवितो.

ती वाट ध्रुवापाशी संपते. सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने आलेला वायू तेथे एकाएकी अडतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण फेकू लागतो. १९७६ मध्ये सांतियागो तापिया यांना या ताऱ्याचा प्रकाश विलक्षण ध्रुवित आढळला आणि प्रबळ चुंबकत्वाची साक्ष पटली. असे क्ष-किरण टिपू शकणारी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सिद्ध झालेली दुर्बीण २०१५ साली ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ उपग्रहातून अंतराळात गेली.

मुलाचे निरीक्षण खरे होते. चुंबकाचे काम एकच, ही त्याची समजूत तेवढी अपुरी होती. भट्टीजवळ उभे राहून ताऱ्याविषयी शंका घेणारी अशी मुले घरोघर असोत. त्यांना गप्प मात्र करू नका.