प्रुत नदीच्या दोन तीरांची एकी



वेगळे झालेले भाऊ पुन्हां एका चुलीवर यावेत असें कोणासहि वाटतें. पण कोठाराची किल्ली कोणाकडे राहील, हें घरची बाई आधीं विचारते. युरोपांत रुमानिया आणि मोल्दोवा या शेजारी देशांपुढें आज हाच प्रश्न आहे. मध्यें प्रुत नदी. भाषा दोहोंकडे एकच. मोल्दोवाचा शेतकरी द्राक्षें आणि मका पिकवितो.

ही एकी एकदां झालेली आहे. १८१२ सालीं रशियानें घेतलेल्या या मुलखाच्या सभेनें १९१८ सालीं रुमानियाला मिळण्याचा ठराव केला. बाजूनें ८६, विरुद्ध ३, तटस्थ ३६. अटी होत्या: जमिनीची वाटणी आमची सभा करील, कारभार आमचा आम्हीं पाहूं. वर्षअखेर जमिनीचा कायदा झाला आणि त्याच सभेनें बाकीच्या अटी सोडून दिल्या. कुणब्याला जमीन मिळाली. खोटें कां बोलावें? पण वर अंमलदार बाहेरचे आले आणि शिपायाची काठी पाठीवर पडूं लागली.

१९४० सालीं सोव्हिएट रशियानें तो मुलूख बळकावला. १९४९ च्या जुलैंत सुमारें ३५ हजार माणसें घरांतून उचलून सैबेरियाकडे धाडलीं. त्यांत चार बिघे अधिक असलेले शेतकरी पुष्कळ. मुलांना सांगत कीं तुमची भाषा रुमानियन नव्हेच, आणि लिपीहि रशियन लावली. १९८९ सालीं रोमन लिपि परत आली. तिथल्या मास्तरांची आम्हांला दया येते.

६ मे १९९० रोजीं एक दिवस सरहद्द उघडली. लोक फुलें घेऊन प्रुत ओलांडून गेले, तुटलेले आप्त गळ्यांत पडून रडले. पुढच्या वर्षीं मोल्दोवा स्वतंत्र झाला. पण १९९४ सालीं लोकांना विचारलें, तेव्हां शेंकडा नव्वदांहून अधिक म्हणाले, स्वतंत्रच राहूं. रडणें निराळें, दस्त करून देणें निराळें.

आज मोल्दोवाच्या लाखों लोकांकडे रुमानियाचा पासपोर्ट आहे, कारण रुमानिया २००७ पासून युरोपीय संघांत आहे आणि त्या कागदावर परदेशीं मजुरी मिळते. नीस्तर नदीपलीकडची पट्टी मात्र १९९२ च्या लढाईपासून मोल्दोवाच्या हुकमाबाहेर आहे. एकी झाली तर तिचें काय, याचें उत्तर एकीवाले पुढारी भाषणांत देत नाहींत.

दक्षिणेस गागाऊझ म्हणून तुर्की बोलीचे लोक आहेत. मोल्दोवाचें स्वतंत्रपण बदललें तर आपला मार्ग ठरविण्याचा हक्क आमचा, असें त्यांनीं १९९४ च्या कायद्यांत लिहून घेतलें आहे.