डॉक्टरसाहेब फोनवर का बोलत नाहीत?

(मंडळीच्या वार्षिक सभेत केलेले भाषण)



मागच्या सभेत एका काकांनी विचारले होते, "पाड्यावर मोबाईल दिले, मग आजारी माणूस अजून झोळीतून का आणता?" अक्राणीच्या डोंगरात बांबूला झोळी बांधून गरोदर बाईला खाली आणताना मलाही हाच प्रश्न पडला आहे.

मोबाईल आपल्या हातात आला, डॉक्टरांच्या कामात आला नाही. मी त्यांनाच दोष देत असे. शेवटी एका डॉक्टरसाहेबांनी समोर बसवून सांगितले, "ताई, पेशंट दिसत नाही, बीपी माहीत नाही, तिची पावरी मला कळत नाही. फोनवर गोळी सांगितली आणि काही झाले, तर जबाबदार कोण?"

ही भीती खोटी नव्हती. रत्नागिरीत डॉक्टर हजर नसताना फोनवरून उपचार झाले आणि एक बाळंतीण दगावली. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणातल्या डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला.

पुढे 25 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे काढली. फोनवरच्या सल्ल्याला नियमांची चौकट मिळाली. रुग्णाजवळची आरोग्यसेविकाही फोन लावून देऊ शकते, मात्र तेव्हा रुग्णाची स्पष्ट संमती घ्यावी लागते. ई-संजीवनीवर उपकेंद्रातून डॉक्टरांशी बोलता येते. पण कागद निघाला म्हणून सवय बदलत नाही. रजिस्टर भरा, पुन्हा तेच ॲपमध्ये भरा, आणि रेंज टेकडीवर! दमलेल्या डॉक्टरांनी कंटाळा केला, तर मला आता राग येत नाही.

आम्ही एवढेच केले : आमच्या सेविकेला बीपी मोजायला शिकवले. कितवा महिना, बीपी किती, पायांवर सूज, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी हे सगळे चिठ्ठीवर लिहायचे, मगच टेकडी चढून फोन लावायचा. एका संध्याकाळी तिने त्याच साहेबांना वाचून दाखवले, "आठवा महिना, 170/110, डोके फार दुखते." साहेब म्हणाले, "गोळी विचारत बसू नका. गाडी काढा, मी रुग्णालयात कळवतो."

रस्त्यापर्यंत झोळीच होती. पण खाली गाडी उभी होती, आणि रुग्णालयात खाट तयार होती. आई आणि बाळ दोघेही घरी आले.

आता साहेबच कधी विचारतात, "आज तुमची सेविका टेकडीवर चढली नाही वाटते?"

अजून चार पाड्यांवर बीपीचे यंत्र नाही. कृपा करून टॅब्लेट पाठवू नका, आधीचे दोन कपाटात पडून आहेत. यंत्रे पाठवा, आणि बरोबर बॅटऱ्याही.